परसातील खुराडे आणि वर्षाचे तीन ऋतू

(पशुपालकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील खेड्यांत परसातल्या दहा-बारा कोंबड्या ही बहुधा घरातील गृहिणीची स्वतःची मिळकत असते. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, पाहुण्यांचा पाहुणचार, बाजारच्या दिवशीचे तेल-मीठ या मिळकतीतून भागते. कोठे कोंबड्यांच्या जोडीला ससे आले आहेत. शहरांत गच्चीवर वा सज्जात लव्हबर्डचे पिंजरे दिसतात. हे सारे जीव घराच्या भिंतींबाहेर राहतात. त्यांच्या खाद्याची विचारपूस सर्वजण करतात. निवाऱ्याची विचारपूस मात्र जीव दगावल्यावर होते.

निवारा म्हणजे चोहोबाजूंनी बंद पेटी, अशी अनेकांची समजूत आहे. पाऊस आला की खुराड्याला गोणपाट गुंडाळायचे, थंडी पडली की फटी बुजवायच्या. हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो. आपल्या हवामानात धडधाकट, कोरड्या अंगाची मोठी कोंबडी थंडीने क्वचितच मरते. ऊन, ओल आणि कोंदट हवा हे तिचे खरे शत्रू होत. खेळती हवा कायम ठेवून ऊन व ओल बाहेर ठेवणे, हेच चांगल्या खुराड्याचे सूत्र आहे.

जागा व बांधणी

खुराडे उंचवट्यावर, झाडाच्या सावलीत असावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे दुपारचे ऊन आत शिरत नाही. जोते फूट-दीड फूट उंच असावे. लांबीच्या भिंती खाली फूटभर भरीव व वर जाळीच्या असाव्यात. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. मुंगूस, घूस व साप यांना तेवढाच अटकाव होतो. छपराचे वळचण दोन-तीन फूट पुढे काढावे, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. प्रत्येक मोठ्या कोंबडीस किमान दोन चौरस फूट जागा मिळाली पाहिजे. त्यासाठी महाग सामानाची गरज नाही. कोकणात नारळाचे झाप व बांबू, विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या व पऱ्हाट्या सहज उपलब्ध असतात.

उन्हाळा

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे व पंख अंगापासून दूर धरणे, एवढाच तिचा उपाय. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तोही अपुरा पडतो. पत्र्याच्या छपराखाली एका दुपारीत सारे खुराडे रिकामे होऊ शकते. म्हणून पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा गवत, पाचट अंथरावे. पाण्याची मातीची भांडी सावलीत ठेवून दिवसातून अनेकदा भरावीत. कडक उन्हात कोंबडी एरवीच्या दुप्पट वा त्याहूनही अधिक पाणी पिते. दाणा सकाळी व सायंकाळी द्यावा.

गोणपाट भिजवून टांगण्याची पद्धत चांगली आहे. पण ते वाऱ्याच्या एकाच बाजूस टांगावे व समोरची बाजू मोकळी ठेवावी. चारही बाजू ओल्या गोणपाटाने झाकल्यास आत वाफारा कोंडतो. कोकणातील दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही, म्हणून तेथे या उपायाचा गुण कमीच येतो. तेथे सावली आणि वारा यांवरच भिस्त ठेवावी.

ससा उन्हाला कोंबडीइतकाच हळवा आहे. तो अंगातील उष्णता मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो. ३० अंशांच्या वर त्याचा जीव घाबरा होऊ लागतो. पिंजऱ्यात पाण्यात भिजवलेले कौल ठेवल्यास तो त्याला टेकून बसतो. धाप लागलेल्या सशाचे कान ओल्या फडक्याने पुसावेत. त्याला एकदम थंड पाण्यात बुडवू नये.

पावसाळा

पावसाळ्यात खुराड्यातील जमीन कोरडी ठेवणे, हे पहिले काम. भाताचे तूस वा लाकडाचा भुसा तीन-चार इंच अंथरून वरचेवर खाली-वर करावा. तो मुठीत दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ओल अधिक झाली, सुटा झाला तर ठीक, असे समजावे. ओला भाग काढून तेथे नवे तूस व थोडा चुना मिसळावा. दुसरी परीक्षाही सोपी आहे. सकाळी खुराड्यात कोंबडीच्या उंचीइतके वाकावे. डोळे चुरचुरले, तर रात्रभर पक्षी त्याच विषारी वाफेत श्वास घेत होते हे ओळखावे. ओलसर जमिनीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि लहान पिले पटापट मरतात.

झडीच्या बाजूस पडदा अवश्य लावावा; मात्र तो जाळीपासून वीतभर दूर असावा, वरची फट उघडी राहावी आणि पाऊस थांबताच तो गुंडाळावा. बुरशी आलेला मका वा शेंगदाण्याची पेंड कदापि देऊ नये. सशांना ओले गवत तसेच घातल्यास पोट फुगते. ते सुकवून घालावे.

हिवाळा

निफाडसारख्या भागात पारा ५ अंशांखाली उतरतो. तरीही रात्री वाऱ्याच्या बाजूचा पडदा सोडणे व सकाळी ऊन येताच तो काढणे पुरेसे असते. खरी काळजी पिलांची. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, दूर पळाली तर जास्त, सर्वत्र विखुरली तर योग्य. दिवा तुसापासून दूर, पक्का बांधलेला असावा. डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा होतो व अंडी घटतात. ती थंडीमुळे घटतात असे समजून खुराडे बंद करू नये; कारण मुख्यतः अपुऱ्या प्रकाशाचे आहे. सज्जातील लव्हबर्डचा पिंजरा रात्री कापडाने तीन बाजूंनी झाकावा, समोरची बाजू मोकळी ठेवावी.

आणखी दोन गोष्टी

निवारा चांगला असला तरी लसीकरणास पर्याय नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगावर औषध नाही, लस आहे. ती ऋतू पालटण्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून रानपाखरांची विष्ठा दाणा-पाण्यात पडू देऊ नये व एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ताबडतोब वर्दी द्यावी.

दुसरे असे की, १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये देशी पोपट, मैना, मुनिया पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. त्यांच्यासाठी उत्तम पिंजरा कोणता, या प्रश्नाचे उत्तर मोकळे आकाश हेच आहे.

पाळलेल्या जीवाला स्वतःची जागा निवडता येत नाही. रानातील पाखरू उन्हात सावली शोधते, झडीत आडोसा गाठते. आपण जाळीचे दार लावतो, तेव्हा ती निवड आपल्याकडे येते. वर्षातून तीनदा, ऋतू पालटताना, खुराड्यापाशी अर्धा तास उभे राहून वारा कोठून येतो, पाणी कोठे साचते, ऊन कोठवर शिरते एवढे पाहिले तरी हे कर्तव्य बरेचसे पार पडेल आणि गृहिणीच्या हातची मिळकतही शाबूत राहील.