भिंतीआडची लहर

पनवेलहून पेणकडे निघालेल्या प्रवाशास कर्नाळ्याचा सुळका दुरूनच दिसतो. अशा डोंगराआड बिनतारी लहरी मंदावतात, हें कोणासही पटतें; परंतु घरांतील भिंत हाही एक लहानसा कर्नाळाच आहे, हें क्वचितच ध्यानांत येतें.

पनवेलच्या एका इमारतींत असेंच झालें. मुलगी मागच्या खोलींत परीक्षेच्या अभ्यासास बसे आणि ऐन पाठाच्या वेळीं इंटरनेट तुटे. वडिलांनीं दोनदां अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेतली; गुण आला नाहीं. राउटर होता कोठें? दाराजवळ, लोखंडी कपाटामागें! तार तेथवर आली म्हणून यंत्रही तेथेंच बसलें.

जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली होती. तेव्हां भिंत अगदींच अभेद्य नव्हे. तरी वीट लहरीचें कांहीं बळ घेते, सळयांचें काँक्रीट त्याहून अधिक. आणि धातूचा पत्रा तर तिला आल्या वाटेनें परत पाठवितो. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें १२ सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंतींतून बरी जाते, पण त्या पट्टींत शेजाऱ्यांची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, परंतु एकदोन भिंतींतच थकते. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं सुरू झालें, त्या काळीं लोक गच्चीवर एरियल उंच बांधीत. ती दक्षता आतां मागें पडली आहे.

यंत्र घराच्या मध्यावर, उंच व उघड्या जागीं ठेवावें. लहर पकडून पुढें पाठविणारें उपकरण स्वस्त पडतें. पण जेथें लहर आधींच क्षीण, तेथें तें ठेवून उपयोग काय? तें अर्ध्या वाटेवर हवें. त्याहून बरें म्हणजे तार ओढून मागच्या खोलींत दुसरें यंत्र बसविणें. २.४ च्या पट्टींत एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरतात: १, ६ आणि ११. तेव्हां त्यांपैकीं सर्वांत मोकळी कोणती, हें शेजाऱ्यांशीं बोलून ठरवावें.

त्या गृहस्थांनीं राउटर मधल्या खोलीच्या फळीवर हलविला, मागच्या खोलीपर्यंत तार नेली, आणि पुढल्या महिन्यापासून जुनीच स्वस्त जोडणी पुन्हां घेतली. मुलीचा पाठ आतां तुटत नाहीं.