वाईची हवा आणि आपला पालापाचोळा
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षं झाली, चार शब्द बोला, असं सेक्रेटरी म्हणाले. बँकेतल्या गोष्टी नकोत, हेही त्यांनी बजावलं! म्हणून आज हवेबद्दल बोलतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण वाईच्या हवेचं कौतुक करतो. पावसाळ्यापुरतं ते अगदी खरं आहे. पाऊस हवेतली धूळ धुऊन काढतो आणि पश्चिमेचा वारा उरलंसुरलं घेऊन जातो. हिवाळ्याचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला पसरणी घाटातून खाली बघा. आपण उन्हात उभे असतो आणि खाली गावावर करडा थर दिसतो, वरून फळी फिरवल्यासारखा सपाट. त्यात थोडं धुकं असतं आणि बराच धूर.

असं का होतं? आपलं गाव परातीत बसलंय. दक्षिणेला पाचगणीचं पठार, उत्तरेला मांढरदेवचे डोंगर, पांडवगड, पश्चिमेला धोमच्या मागे सह्याद्री. कृष्णा पूर्वेला भुईंजकडे जाते, तेवढीच बाजू मोकळी. एरवी उंचावर जावं तशी हवा गार होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. निरभ्र रात्री मात्र हे गणित उलटं होतं. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड. ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी ओघळून खाली साचते आणि तिच्या वर उबदार हवेचा थर राहतो. म्हणजे परातीवर झाकणच बसलं! वाराही नसतो. बंबाचा, शेकोटीचा धूर वर चढतो आणि तिथेच अडतो. ऊन चांगलं चढून जमीन तापली की मगच हे झाकण उघडतं.

उन्हाळ्यात धूळ उडते, पण तापलेली हवा दुपारी खूप उंच चढते, त्यामुळे धूर कोंडत नाही. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये उसाचं पाचट पेटतं, हळद शिजवायच्या काहिली लागतात, डोंगरांना वणवे लागतात. हळदीला मी काही बोलणार नाही, ती आपली लक्ष्मी आहे.

मला बोलायचंय ते आपल्या आवारातल्या धुराबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी लावलेले देशी बदाम आता तिसऱ्या मजल्याला टेकलेत, आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. ही झाडं पानं टाकतात नेमकी थंडीत. झाडून गोळा केलेला पाला सकाळी साडेसहाला भिंतीकडेला पेटतो. झाकण सगळ्यांत घट्ट असतं ती हीच वेळ, आणि आम्हा म्हाताऱ्यांची फिरायची वेळही हीच! झाडणाऱ्या मावशींना दोष देऊ नका. पाला टाकायला आपण त्यांना जागाच दिलेली नाही.

कुणी म्हणतात, धुरानं डास जातात. जात असतील घटकाभर. कुणी म्हणतात, साखर कारखान्याच्या चिमणीपुढे आपलं मूठभर काय? अहो, चिमणी उंच असते आणि लांब असते. आपला धूर जमिनीलगत, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली. त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे, थेट फुप्फुसात उतरतात. आपल्याकडे दम्याचा पंप वापरणारी मुलं आहेत, त्यांच्या आयांना विचारा. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आहे. साध्या जाळण्याला दंड पाच हजार रुपये. (बघा, शेवटी हिशेब आलाच!)

मागच्या भिंतीलगत जाळीचे दोन पिंजरे उभे करायचे. पाला त्यात टाकायचा, अधूनमधून पाणी आणि थोडं शेण. पावसाळ्यानंतर खत तयार. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असं पत्र मी आजच सेक्रेटरींकडे दिलं आहे. विरोध असेल त्यांनी सभेला जरूर यावं, नुसतं जिन्यात बोलू नये.

तोवर फिरायला जाणाऱ्या मंडळींनी थंडीत ऊन चढल्यावर निघावं. चहा आधी घ्यावा.