चिठ्ठ्यांमधले प्रश्न : विद्यापीठात जाण्याआधी

(बारावीनंतर पुण्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)



तुम्ही आत येताना दारात एक डबा आणि कोरे कागद ठेवले होते. नाव न लिहिता प्रश्न लिहा, असं सांगितलं होतं. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी चहाच्या वेळात वाचल्या. आधारवर आडनाव वेगळं आहे, चालेल का? मेसमध्ये फक्त भाजीच असते का? जुम्म्याला लेक्चर बुडवलं तर हजेरी जाते का? इंग्रजी येत नाही, मुलं हसतील का? सगळे असेच साधे, कामाचे प्रश्न आहेत, म्हणून मीही भाषणबाजी न करता साधंच बोलते.

निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या कागदपत्रांच्या आहेत, तेव्हा आधी तेच.

आपल्या नावांची एक खास अडचण आहे. प्रत्येक फॉर्ममध्ये आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असे तीन रकाने असतात. समजा तुमचं नाव शेख मोहम्मद आरिफ अब्दुल रहीम. यात कुठलं नाव कुठल्या रकान्यात घालायचं? शाळेतल्या बाईंनी एक ठरवलं, आधार केंद्रावरच्या मुलाने दुसरं आणि बँकेने 'मो. आरिफ' लिहून मोकळी झाली. त्यातून इंग्रजीत 'शेख' हा शब्दच चार प्रकारे लिहितात. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, पण शिष्यवृत्तीच्या अर्जात दोन कागदांवरचं नाव जुळलं नाही की अर्ज तिथेच अडकतो.

यावर माझा सल्ला एकच आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, जे स्पेलिंग आहे, ते पाया धरा आणि बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रात दुरुस्ती करणं सगळ्यात अवघड असतं, आधार आणि बँकेत त्यामानाने सोपं. अगदीच मोठा फरक असेल तर राज्यपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण दिवस जातात. म्हणून प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करू नका, आजच घरी जाऊन चारही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा.

त्यातच बँकेचं एक. शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि खाती अनेक असतील तर सगळ्यात शेवटी ज्याला आधार जोडलं त्यात. कुणीतरी कधीतरी गावात शिबिर लावून झिरो बॅलन्सचं खातं उघडून दिलेलं असतं, पासबुक कुठे आहे ते अम्मीलाही आठवत नाही, आणि पैसे तिकडे पडून असतात. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता जातीच्या दाखल्याचं. एका चिठ्ठीत लिहिलंय, 'आपल्यात जात नसते, मग जातीचा दाखला कशाला?' प्रश्न प्रामाणिक आहे. दीन म्हणून विचाराल तर नसतेच. पण आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे धंदे केले, त्यातून जे मागासलेपण आलं, ते सरकारने नोंदवलेलं आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मुलाणी, पिंजारी, मणियार, मोमीन, कुरेशी अशा कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. तो हक्क घेताना शरमण्यासारखं काही नाही.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. पहिला, आडनाव म्हणजे जात नव्हे. शेख आडनावाचं घर अत्तारही असू शकतं आणि मणियारही. आजोबांचा धंदा काय होता ते विचारा. दुसरा, 'मुसलमानांना पाच टक्के आरक्षण आहे ना?' 2014 मध्ये तसा अध्यादेश निघाला होता, पण त्याचा पुढे कायदा झाला नाही. त्यामुळे आज प्रवेशाच्या फॉर्ममध्ये धर्मावर आधारलेला असा कोणताही कोटा नाही. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत त्या त्या समाजाच्या जागा असतात, ती वेगळी गोष्ट.

ओबीसीचा दाखला काढताना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आपली गाडी नेमकी इथे अडते. अब्बांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग आजोबांकडे जा. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, चुलत आजोबांचा, त्यांच्या बहिणीचा. शाळेत कुणी गेलंच नसेल तर तहसीलमध्ये गावची जुनी जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक म्हणतात ती, बघा. जुन्या खरेदीखतात, सातबाऱ्यावरही कधी कधी धंद्याची नोंद सापडते. कागद बहुतेक मोडीत असतो, तो वाचणारा माणूस शोधावा लागतो. मी सांगते, हे काम घरातल्या सगळ्यात चिवट माणसाला द्या. बहुतेक घरांत ती एखादी फुफी असते. दाखला मिळाला की नॉन-क्रिमीलेअर, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणी समितीकडून वैधता. वैधतेला वेळ लागतो, निकालाची वाट बघत बसू नका.

ज्यांची जात कुठल्याच यादीत नाही, म्हणजे बरीच सय्यद, पठाण घरं, त्यांनी ईडब्ल्यूएस पाहावं. 2019 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के जागा आहेत. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. धर्माची अट नाही. हे आपल्या मोहल्ल्यांत फार कमी लोकांना ठाऊक आहे. 'ते आपल्यासाठी नाही' असं कुणी सांगितलं, तर त्याला सांगा की आहे.

मुलींनो, तुमच्यासाठी एक मोठी गोष्ट. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी विद्यापीठं यात नाहीत, मॅनेजमेंट कोटाही नाही. म्हणून कॅपच्या फेऱ्या सोडून कुणा एजंटाच्या नादाने थेट प्रवेश घेतला, तर ही सवलत गेली. मुलांसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. एकाच फीसाठी दोन योजना चालत नाहीत, त्यातली जास्त मदत देणारी निवडा आणि दरवर्षी नूतनीकरण करा. दुसऱ्या वर्षी अर्ज करायचा विसरणारे मी दरवर्षी पाहते.

आता एक चिठ्ठी मी पूर्ण वाचते. 'माझं पुण्यात ॲडमिशन लागलंय. अब्बा तयार आहेत. पण दोन ठिकाणी रूम बघायला गेलो तर नाव विचारून नाही म्हणाले. अब्बा म्हणतात गावातच बीए कर, कशाला बेइज्जती. सीट सोडू का?'

बेटा, सोडू नकोस. तू इथेच कुठेतरी बसली आहेस.

असं होतं. होत नाही म्हणून मी तुला खोटा धीर देणार नाही. फोनवर रूम रिकामी असते, नाव सांगितलं की कालच गेलेली असते. अब्बांना जे लागलं ते खरं लागलं आहे. पण पुण्यात जागा मिळण्याची वाट एकच नसते. पहिली वाट वसतिगृहाची. कॉलेजचं, विद्यापीठाचं, सरकारचं. अल्पसंख्याक विकास विभागाने बऱ्याच जिल्ह्यांत मुलींसाठी वसतिगृहं बांधली आहेत, ती सरकारी शिक्षणसंस्थांच्या आवारात असतात. प्रवेश मिळाला त्याच दिवशी वसतिगृहाचा फॉर्म भरायचा, कारण यादी गुणांवर लागते आणि मुदत लवकर संपते. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून गावी परतू नका. पंधरा दिवसांत मुली प्रवेश रद्द करून जातात, जागा होतात. त्या पंधरा दिवसांपुरती एखाद्या ओळखीच्या घरी सोय बघा. खालाची नणंद चालेल, कुणीही चालेल.

दुसरी वाट कॉट बेसिसची. तीन-चार मुली मिळून फ्लॅट घेतात, एकीच्या नावावर करार असतो. आधीच राहणाऱ्या मुली शोधा, मालकाशी पहिली गाठ तुमची पडायला नको. विभागातल्या सीनियर मुलींना विचारा, त्यांच्याकडे खबर असते. करार अकरा महिन्यांचा असतो आणि तो नोंदवणं कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. डिपॉझिट दिल्याची पावती घ्या, रोख दिलं तरी. खोलीचे फोटो पहिल्या दिवशी काढून ठेवा, म्हणजे जाताना रंगाचे पैसे कापताना बोलता येतं.

वसतिगृह ही आपल्यासाठी काही नवी गोष्ट नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आजही आहे. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. गावातून शहरात आलेल्या पोराला डोक्यावर छप्पर मिळालं नाही तर तो शिकणार नाही, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. भाऊरावांच्याच नावाने पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम, महिन्याला पैसे. मेसचा खर्च बराचसा निघतो. माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं त्यावर एमए झाली.

मेसचं विचारलंय. बहुतेक मेस शाकाहारी असतात, काहींत आठवड्यातून एकदा अंडी किंवा चिकन. हलाल हवं असेल तर मेसमध्ये भाजी खा, आणि रविवारी कॅम्पात जा. महिन्याचे पैसे देण्याआधी खाड्याचा नियम विचारा, म्हणजे किती दिवस सांगून जेवलं नाही तर पैसे वळते होतात. ईदला गावी जाल तेव्हा कळेल का सांगितलं. रमजानमध्ये सहरीचा प्रश्न येतो. मेसवाल्या काकूंना आधी सांगितलं तर रात्रीचा डबा भरून देतात, नाही म्हणणारी मी अजून पाहिली नाही.

जुम्म्याचं: साधारण 75 टक्के हजेरी लागते, तेव्हा एखादं लेक्चर गेलं म्हणून काही बिघडत नाही. प्रॅक्टिकल मात्र बुडवू नका. वेळापत्रक लागलं की शिक्षकांना जाऊन सांगा, बॅच बदलून मिळू शकते. लपून गेलात तर गैरहजेरी, विचारून गेलात तर परवानगी. हिजाब घालायचा की नाही, हे दोन चिठ्ठ्यांत आहे. घालणारीने घालावा, न घालणारीने घालू नये, आणि दोघींनी एकमेकींच्या नोट्स वापराव्यात. यावर मी याहून जास्त बोलणार नाही.

इंग्रजीचं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलात म्हणजे कमी नाही आहात. कला शाखेच्या बऱ्याच विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, विभागात विचारून घ्या. सायन्सला आलात तर पहिले दोन महिने जड जातील. रोज पुस्तकाचं एक पान शब्दकोश घेऊन वाचा, वर्गात न कळलेला शब्द वहीच्या मागे लिहा. जयकर ग्रंथालयात जाऊन बसायची सवय लावा. आणि जमलं तर वर्गात पहिल्या बाकावर बसा, मागच्या बाकावर सगळे 'आपलेच' बसतात आणि तिथे इंग्रजी सोडाच, मराठीही सुधारत नाही. खोलीत, डब्याला, वर्गात फक्त आपल्याच लोकांत राहिलात तर पुण्यात येऊनही तुम्ही मोहल्ल्यातच राहाल.

रॅगिंगबद्दल कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय. राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 1800-180-5522, ती चोवीस तास चालते. प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती असावी लागते, मुलींच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. कुणी धर्मावरून टोचून बोललं, तर पहिल्यांदा शांतपणे तोंडावर सांगा. पुन्हा झालं तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून लेखी द्या, आणि प्रतीवर पोच घ्या. फोनवर काहीही भडक आलं तर पुढे पाठवू नका. मुलांनो, हे विशेषतः तुम्हाला. एका फॉरवर्डवरून गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या, पासपोर्टच्या वेळी तो आडवा येतो.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवून देऊ नका. कॉलेजने तपासून परत द्यायची असतात, तसा यूजीसीचा नियम आहे.

वेळ संपत आली. मागच्या टेबलावर तिघे कार्यकर्ते बसले आहेत, ज्यांनी फाईल आणली आहे त्यांनी नाव जुळतंय का ते तपासून घ्या. मोडी वाचणारे चाचा साडेपाचपर्यंत आहेत. आणि जिने ती सीटची चिठ्ठी लिहिली, तिने अब्बांना घेऊन मला भेटावं. मी पायऱ्यांपाशी थांबते.