ब्राउझरमधला बिनबोलावलेला टूलबार

घरच्या संगणकावर एखादं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझर ओळखूच येईना, ही तक्रार आजही ऐकू येते. पत्त्याच्या रकान्याखाली नवी पट्टी आलेली असते, सुरुवातीला भलतंच पान उघडतं, गूगलवर काही शोधायला जावं तर शोध तिसरीकडेच वळतो. मग घरात चौकशी सुरू होते : कुणी काय दाबलं?

बहुतेक वेळा घरातल्या कुणाचाच त्यात अपराध नसतो. २०१३ च्या सुमाराचं जावाचं उदाहरण पाहावं. ओरॅकल कंपनीचं हे सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी वरचेवर अपडेट करावं लागे. त्या अपडेटच्या एका पडद्यावर ‘आस्क टूलबार’च्या चौकटीत टिक आधीच केलेली असायची. घाईत ‘नेक्स्ट’ दाबलं की ती मान्य झाली. पुढचा प्रकार जास्त गंभीर होता. जावा बसून झाल्यावर टूलबार सुमारे दहा मिनिटं गप्प राही आणि मग स्वतःची स्थापना करून घेई. शंका येऊन कुणी लगेच कंट्रोल पॅनेल उघडलंच, तर तिथे काही सापडत नसे. जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत टाकल्या. सुरक्षेच्या अपडेटबरोबर असली वस्तू गळ्यात मारणं हा ग्राहकाचा विश्वासघातच होता.

हे सगळं कशासाठी? शोधाच्या रकान्यात पैसा आहे. माणूस काय शोधतो ते कळलं की त्याला जाहिरात दाखवता येते, आणि त्या जाहिरातीवरच्या क्लिकचे पैसे मिळतात. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघड केला. तोही दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आडून शिरायचा आणि सुरुवातीचं पान व शोधयंत्र बदलून टाकायचा. बाधित संगणकांचा कंपनीचा अंदाज होता २५ कोटी, आणि त्यात सर्वाधिक, अडीच कोटींहून जास्त, भारतातले. मायक्रोसॉफ्टला हे आकडे फुगवलेले वाटले. पण फायरबॉलला त्या संगणकावर बाहेरून आणखी काहीही उतरवता येत होतं, आणि खरी काळजीची बाब तीच होती.

आता काढायचं कसं? इथे क्रमाला महत्त्व आहे. अनेकजण आधी ब्राउझरमधली पट्टी बंद करतात, आणि संगणक पुन्हा सुरू झाला की ती परत हजर होते. कारण तिला आणणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये तसाच असतो. म्हणून सुरुवात तिथून करावी. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून यादी तारखेनुसार लावून घ्यावी. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या तारखेला काय काय आलंय, ते एका नजरेत दिसतं. उदाहरणार्थ, त्यातला पीडीएफ कन्व्हर्टर मुद्दाम घेतलेला असतो. त्याच दिवशीची बाकीची दोन-तीन अनोळखी नावं त्याच्यासोबत आलेली असतात. ती ‘अनइन्स्टॉल’ करावीत. नाव ओळखीचं नाही एवढ्यावरून मात्र जुन्या तारखांच्या वस्तू उडवू नयेत. प्रिंटरचा किंवा आवाजाचा ड्रायव्हर त्यात निघून जाण्याची भीती असते.

मग ब्राउझर. क्रोम असो वा एज, आजचे टूलबार एक्स्टेन्शनच्या रूपात येतात. ती यादी उघडून अनोळखी असेल ते ‘रिमूव्ह’ करावं. नुसतं बंद करून ठेवू नये. त्यानंतर शोधयंत्र आणि सुरुवातीचं पान पुन्हा आपल्या पसंतीचं करावं. एवढं करूनही भागलं नाही, तर ‘रिसेट सेटिंग्ज’ वापरायला घाबरण्याचं कारण नाही. क्रोममध्ये त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात, म्हणजे वेबसाइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, इतकंच.

दोन चोरवाटा हमखास राहून जातात. पहिली डेस्कटॉपवरच्या चिन्हात. ब्राउझरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावं आणि ‘टार्गेट’चा रकाना शेवटपर्यंत वाचावा. प्रोग्रॅमच्या नावापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर सेटिंग्ज कितीही बदलली तरी तेच पान उघडणार. तेवढा पत्ता खोडावा. दुसरी वाट म्हणजे ‘सिंक’. एकच खातं घरच्या संगणकावर आणि मुलीच्या लॅपटॉपवर असेल, तर इथे काढलेलं एक्स्टेन्शन तिथून परत येऊ शकतं. दोन्हीकडे तपासावं.

उरलंसुरलं शोधायला मालवेअरबाइट्सचं ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे छोटं, मोफत साधन चांगलं आहे. पण ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यावं. टूलबार काढण्याचा उपाय शोधणाऱ्या त्रासलेल्या माणसाच्या शोधातच नकली ‘क्लीनर’च्या जाहिराती टपलेल्या असतात, आणि एक काढायला जाऊन तीन घरात येतात. जाहिरात असं लिहिलेला पहिला दुवा सोडून द्यावा. नवीन काही बसवताना ‘एक्स्प्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडावं, म्हणजे आधीच केलेल्या टिक दिसतात आणि काढता येतात.

याच ब्राउझरमध्ये कधी पडदाभर लाल सूचना, भोंग्यासारखा आवाज आणि ‘या नंबरवर फोन करा’ असा मजकूर आला, तर तो फोन कधीही करू नये. खरी विंडोज सूचनेत असा नंबर देत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. घरातल्या वयस्कर मंडळींना हे आधीच सांगून ठेवावं, कारण पलीकडचा माणूस मदतीच्या नावाखाली संगणकाचा ताबा मागतो आणि मग बँकेचं खातं उघडायला लावतो. ताबा दिला गेला असेल तर आधी इंटरनेट तोडावं, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचा पासवर्ड बदलावा. आणि पैसे गेले असतील तर जराही वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.