इन्फ्लुएंझाची लस आणि टी पेशी



मी डॉक्टर नाही. कामगार चळवळीतला माणूस, जमेल तसे वाचून शिकलेला. पण इन्फ्लुएंझा हा कामगारांचाही प्रश्न आहे. 10 जून 1918 रोजी मुंबईत गोदीवरच्या एकासह सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पुढे त्या साथीने हिंदुस्थानातली एक कोटीहून अधिक माणसे नेली. ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला.

मग एकदा लस टोचली की काम का भागत नाही? विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. लसीने रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे मुख्यतः हे काटे ओळखतात. विषाणू काटे बदलतो आणि ओळख चुकते. म्हणून लसही वरचेवर बदलावी लागते.

टी पेशींची रीत निराळी. विषाणू आपल्या पेशीत शिरला की त्याच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ते ओळखून टी पेशी ती बाधित पेशीच मारून टाकतात. आतली प्रथिने फारशी बदलत नाहीत. त्यामुळे एकच ओळख अनेक वाणांना पुरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने 2013 साली दाखवले की, 2009 च्या साथीत ज्यांच्याजवळ अशा टी पेशी अधिक होत्या, त्यांना आजार सौम्य झाला.

मात्र टी पेशी लागण रोखत नाहीत. लागण झाल्यावर कामाला लागतात. ऑस्ट्रेलियात 2019 साली नेहमीच्या लसीला टी पेशी जागवणाऱ्या लसीची जोड देऊन पाहिली. रुग्ण कमी झाले नाहीत. तेव्हा प्रतिपिंडे आणि टी पेशी, दोहोंना कामाला लावणारी लस हवी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये नाकावाटे द्यावयाची, दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंची लस काढली. अशा लसी टी पेशींनाही जागवू शकतात. तोवर आजची लस टाळू नये.

उधव्याहून वापी-सिल्वासाला रोजंदारीवर जाणारा माणूस दरवर्षी खाडा करून लस कशी घेणार? अनेक वर्षे पुरणारी लस ही त्याची गरज आहे. शिवाय टी पेशींना ते तुकडे दाखवणारे रेणू माणसागणिक भिन्न असतात. निरनिराळ्या जमातींत त्यांचे प्रमाणही निराळे. तेव्हा नव्या लसीची पारख शहरातल्या लोकांवरच होऊन चालणार नाही. तीत वारली, कोकणा बांधवही असावेत. पण त्यांच्या बोलीत सारे समजावून, त्यांच्या राजीखुशीने. आणि लस तयार झाली की ती या पाड्यांपर्यंत पोचली पाहिजे. ही मागणी आपणच केली पाहिजे.