खटल्याआधीची चाळणी

(चिंचवड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



अमेरिकेतील 'ग्रँड ज्यूरी'चा उल्लेख आपण बातम्यांत वाचतो. ही ज्यूरी कोणालाही दोषी ठरवीत नाही. तेथील संघराज्याच्या न्यायालयांत 16 ते 23 सामान्य नागरिक बंद दाराआड सरकारी वकिलाचा पुरावा पाहतात. 12 जणांची संमती मिळाली की आरोप दाखल होतो. तेथे न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकीलही नसतो. साहजिकच, ही सरकारी वकिलापुढे मान डोलावणारी मंडळी आहे, अशी टीका तेथलेच विधिज्ञ करतात. मुंबई-कलकत्त्यात ही पद्धत 1865 मध्येच बंद झाली.

मग पुरावा आधी चाळायचा कोणी? आपल्याकडे ते काम दंडाधिकाऱ्यापुढील प्राथमिक चौकशीत होई. त्या चाळणीचे मोल चाकणपलीकडच्या राजगुरुनगरला सांगायला नको. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे गाव. लाहोर कटाची चौकशी दंडाधिकाऱ्यापुढे चालू असतानाच, 1 मे 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून ती मध्येच गुंडाळली. तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण बसले. ज्यूरी नाही, उच्च न्यायालयात अपील नाही, आरोपी गैरहजर असले तरी काम चालूच! 23 मार्च 1931 रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले.

ज्यूरी असती तर न्याय मिळाला असता, असेही नव्हे. 1908 मध्ये लोकमान्यांना शिक्षा ज्यूरीच्याच सात विरुद्ध दोन मतांनी झाली. त्या नऊ जणांत सात युरोपीय होते.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती सविस्तर चौकशीही संपविली. आता चाळणी उरली ती न्यायाधीश आरोप निश्चित करतात त्या टप्प्यावर. आरोपीच्या वकिलाचे म्हणणे तेथे ऐकले जाते, हे ग्रँड ज्यूरीपेक्षा निश्चितच बरे. न्यायाधीश म्हणजे टपाल कचेरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये प्रफुल्लकुमार सामल प्रकरणी बजावले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने या टप्प्याला 60 दिवसांची मुदतही घातली आहे.

भोसरीच्या एखाद्या कामगारावर दरवाजासमोरच्या भांडणातून गंभीर गुन्हा नोंदला गेला, तर निर्दोष सुटेपर्यंत त्याची नोकरी टिकेल काय? म्हणून सुधारणा हवी ती येथे. आरोपीला या टप्प्यावर मुक्त करताना न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात. त्याच्यावर आरोप ठेवताना कायदा तशी सक्ती करीत नाही. ती करावी.