गुण कोणाला येतो?



अध्यक्षपदाची जबाबदारी आपण माझ्यावर सोपवलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. संघटनेच्या कामाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहे, म्हणून हा वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. स्किझोफ्रेनियाच्या दोन रुग्णांना एकच औषध, त्याच मात्रेत, तितकेच आठवडे दिले तरी एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, असे का होते?

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णालयांची बंद दारे उघडू लागली. त्यानंतर आलेली बहुतेक औषधे डोपामाइनच्याच वाटेने गेली. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही आराम पडला नाही, तर आपण क्लोझापीनकडे वळतो. १९८८ च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत आधीच्या औषधांना दाद न देणारे २६८ रुग्ण होते. सहा आठवड्यांत क्लोझापीन घेणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना. क्लोझापीनचे मोल त्या चाचणीत सिद्ध झाले. पण उरलेल्या ७० टक्क्यांचा प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे.

ही औषधे ज्यावर काम करतात तो डोपामाइनचा रिसेप्टर चेतापेशीच्या पटलात रुतलेला असतो आणि हे पटल फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे बव्हंशी मेदाम्लांचे बनलेले असते. त्यांतली दोन मेंदूला फार मोलाची आहेत. अॅराकिडॉनिक आम्लात २० कार्बन आणि ४ दुहेरी बंध, तर डीएचएमध्ये २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, त्यामुळे रेणू एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, पटल लवचीक राहते आणि रिसेप्टरला हालचालीला वाव मिळतो. मात्र ऑक्सिजनही नेमका याच बंधांच्या आसपास घाव घालतो. जवसाचे तेल खवट होते ते या क्रियेने. शरीरात ती चालते तेव्हा आपण तिला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतो.

जिवंत माणसाच्या मेंदूतले पटल काढून तपासता येत नाही, म्हणून संशोधक तांबड्या पेशीकडे वळले. ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. मागच्या काही महिन्यांत माणसाने काय खाल्ले आणि शरीराने त्याचे काय केले, याच्या खुणा तिच्या पटलात उमटलेल्या असतात. ब्रिटिश वैद्यक डेव्हिड हॉरोबिन यांनी १९७७ मध्येच स्किझोफ्रेनियाचा संबंध प्रोस्टाग्लँडिनच्या कमतरतेशी जोडला होता. प्रोस्टाग्लँडिन पटलातल्या मेदाम्लांपासूनच तयार होते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विचाराला पेशीपटलाच्या सिद्धांताचे रूप दिले. नायसिन दिल्यावर त्वचेवर प्रोस्टाग्लँडिनमुळे येणारी लाली स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांत कमी किंवा उशिरा येते, हे निरीक्षण त्याच धाग्यातले. ते सर्व रुग्णांत दिसत नाही, एका गटात दिसते. हा 'एक गट' लक्षात ठेवा, कारण माझे आजचे सगळे म्हणणे त्याच्याभोवती आहे.

या विषयात पुण्याने केलेले काम आपल्या तरुण सहकाऱ्यांना ठाऊक असायला हवे. भारती विद्यापीठात डॉ. प्रभाकर रांजेकर आणि अमेरिकेतील जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. साहेबराव महाडिक यांच्या गटांनी मिळून, औषधाचा एकही डोस न घेतलेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशी तपासल्या. मेदाम्लांतला बिघाड औषधांमुळे की आजारामुळे, हे ठरवायचे तर असेच रुग्ण हवेत आणि ते मिळवणे किती अवघड असते हे आपण जाणतो. २००३ साली याच गटांनी ३३ रुग्णांना चार महिने, सकाळ-संध्याकाळ, १८० मिलिग्रॅम ईपीए (डीएचएसारखेच एक ओमेगा-३ मेदाम्ल), १२० मिलिग्रॅम डीएचए आणि जोडीला ई व क जीवनसत्त्वे दिली. लक्षणे कमी झाली. पुढचे चार महिने पूरक मात्रा थांबवली, तेव्हा मेदाम्ले पूर्वपदावर आली, पण सुधारणा बरीचशी टिकली. या अभ्यासात प्लासिबो गट नव्हता, म्हणून त्याला पुराव्याची पहिली पायरी मानावे. पण ती पायरी आपल्या मातीत घडली, याचा मला अभिमान आहे.

पुढच्या पायऱ्यांवर चित्र गुंतागुंतीचे झाले. मानसोपचारतज्ज्ञ माल्कम पीट यांच्या गटाने २००१ मध्ये दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांतली एक बडोद्याची होती. दोन्हींत ईपीएचा कौल अनुकूल आला. त्याच वर्षी अमेरिकेत ८७ रुग्णांवर १६ आठवडे चाललेल्या चाचणीत ईपीएचा काहीच लाभ दिसला नाही. व्हिएन्नात २०१० साली आजाराच्या उंबरठ्यावरच्या ८१ तरुणांना १२ आठवडे ओमेगा-३ किंवा प्लासिबो दिला गेला. वर्षअखेर ओमेगा-३ गटातील ४१ पैकी दोघांना आणि प्लासिबो गटातील ४० पैकी ११ जणांना सायकोसिस झाला. जगभर आशा पालवली. मग २०१७ मध्ये ३०४ तरुणांची, अनेक देशांतली मोठी चाचणी आली आणि दोन्ही गटांत फरक उरला नाही.

यावरून विषय संपला, असे अनेकांनी जाहीर केले. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण नॉर्वेतल्या २०१३ च्या चाचणीत आहे. तिथे आधी रुग्णांच्या तांबड्या पेशींतली बहुअसंपृक्त मेदाम्ले मोजली. ज्यांची पातळी कमी होती त्यांना नुसते ईपीए किंवा नुसती ई व क जीवनसत्त्वे दिली, तेव्हा सायकोसिसची लक्षणे वाढली. दोन्ही एकत्र दिली, तेव्हा हा अपाय दिसला नाही. ज्यांची पातळी चांगली होती, त्यांच्यात असा परिणाम आढळला नाही. कॅप्सूल तीच, पण एकाच्या पटलाला ती निरुपद्रवी आणि दुसऱ्याच्या पटलाला त्रासदायक. हे सगळे रुग्ण एका सरासरीत कोंबले, तर काय दिसेल?

मोजमापाबाबतही सावध राहायला हवे. तांबड्या पेशी उणे २० अंशांवर ठेवल्या तर त्यांतली नाजूक मेदाम्ले साठवणीतच नष्ट होतात. उणे ८० लागते, हेही २००३ साली दाखवले गेले. म्हणजे फ्रीजरमधला दोष रुग्णाच्या नावावर जमा होऊ शकतो. तंबाखूही या पातळ्या बदलते आणि आपले किती रुग्ण विडी-सिगारेट ओढतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता बाह्यरुग्ण विभागात येऊ. एका तरुण रुग्णाच्या आईने पिशवीतून मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "डॉक्टर, या सुरू केल्या तर त्या गोळ्या बंद करता येतील ना? गोळ्या लागल्यापासून याचं पोट केवढं सुटलंय बघा. जुनी एक पँट होत नाही." बाटलीवर पुढे ठळक १००० मिलिग्रॅम होते, मागे बारीक अक्षरांत ईपीए १८० आणि डीएचए १२०. मी त्यांना बाटली उलटी करून दाखवली. परदेशी चाचण्यांतली दोन ग्रॅम ईपीएची मात्रा गाठायची तर अशा सुमारे अकरा कॅप्सूल रोज लागतील, आणि तरीही गोळ्या थांबवता येणार नाहीत, हे समजावले. पण पोटाबद्दल त्या जे बोलल्या, ते अक्षरशः खरे होते. ओलान्झापीन आणि क्लोझापीनने वजन आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात. मेद तयार करणारी जनुके ही औषधे चेतवतात, असे प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसले आहे. आईला मुलाच्या पँटवरून कळले ते आपल्या केसपेपरवर टिपलेले नसते. मेदाम्लांचा प्रश्न औषधाआधी जितका आहे तितकाच औषधानंतरही आहे, आणि औषध सोडून देण्याच्या कारणांत वाढते वजन हे मोठे कारण आहे.

म्हणून माझे काही आग्रह आहेत. पहिल्या भेटीत आहाराच्या दोन ओळी लिहाव्यात. घरात तेल कोणते, आठवड्यातून मासळी किती वेळा, जवसाची चटणी होते का, तंबाखू किती. जवसातल्या ओमेगा-३ चे डीएचएमध्ये रूपांतर शरीरात फार थोडे होते, तर बांगडा-तारलीतून ते आयते मिळते, एवढे तरी शाकाहारी आणि मांसाहारी घरांना वेगवेगळे सांगता यावे. पुण्यातच, औषध न घेतलेल्या रुग्णांत डीएचएबरोबर फोलिक आम्ल आणि बी-१२ ही कमी आढळले आहे, तेव्हा बी-१२ तपासण्यात हयगय नको. औषध सुरू करताना आणि तीन महिन्यांनी वजन, कंबर, उपाशीपोटी साखर आणि लिपिड मोजावे. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरपुढे गेली की सावध व्हावे. गुण आला की नाही, हे प्रत्येक वेळी एकाच मापनश्रेणीने ठरवावे. औषध निकामी ठरवण्याआधी ते खरोखर पोटात गेले का, याची खात्री करावी. आणि क्लोझापीनची वेळ आली असेल, तर कॅप्सूलच्या आशेने ती लांबवू नये.

संशोधन करणाऱ्या तरुणांना सांगतो, या मेदाम्लांनी स्किझोफ्रेनिया बरा होतो का, हा प्रश्न आता पुरे झाला. कोणत्या रुग्णाला, कोणत्या पातळीवर, कशाच्या जोडीने लाभ किंवा अपाय होतो, असे विचारा. मापन आधी करा, गट नंतर पाडा, आणि निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करा. किनारपट्टीचा मासळीचा आहार आणि विदर्भाचे जवस-करडईचे ताट एकाच राज्यात नांदत असताना हा अभ्यास करायला आपल्याइतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल.

पहिल्या भेटीपासूनच्या या सगळ्या नोंदी एका पानाच्या नोंदपत्रकात बसतात. ते आपल्या सर्व सभासदांनी स्वीकारावे, असा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ज्या घरांना आपण वर्षानुवर्षे 'अजून थोडे थांबू' असे सांगत आलो, त्यांना निदान कारण तरी सांगता यावे, यासाठी हा खटाटोप आहे. ठरावावर कडक चर्चा करा, त्यात सुधारणा सुचवा आणि तो मंजूर झाला की प्रत्यक्ष कामाला लागा, एवढी विनंती करून मी थांबतो.